अकरा जणांच्या टाळ्या

एकसष्ट रिळं निघाली वेइयोच्या सॉनाच्या माळ्यावरून,
बर्चच्या ढलप्यांखाली, मासेमारीच्या बुटांच्या खोक्यांत.
तीस वर्षांत टेप चिकट होते, बोटांना काकवीसारखी लागते.
तशीच लावली तर मशीनच्या हेडवर
गाणं खरवडून निघतं, तपकिरी भुकटी होऊन.
म्हणून आधी ती भाजायची. मंद. चोपन्न अंशांवर, आठ तास.
माझ्याकडे भट्टी नाही.
सासूचं अळंब्या सुकवायचं यंत्र आहे.

तर केमीतल्या माझ्या स्वयंपाकघरात
सबंध नोव्हेंबर 'रातपाळी' बँड वाळत पडला होता,
थराथरानं, जाळीच्या ताटल्यांत,
आणि घरभर वास
जंगलाचा, आणि जुन्या रेडिओच्या पोटातला.

मी त्यांचा साउंडवाला. व्हॅनही मीच हाकायचो.
चौघेही कागद गिरणीतले; नाव उगाच ठेवलं नव्हतं.
सकाळी सहाचा भोंगा झाला की
कोपरांवरचा लगदा न धुता शाळेच्या तळघरात यायचे
आणि मी लाल बटण दाबायचो.
टेप कुठून यायची ते विचारू नका.
गिरणी बंद झाली, आता सांगायला हरकत नाही,
तरी विचारू नका.

हेलसिंकीहून कंपनीचा मुलगा आला.
तिशीतला, म्हणजे बँडच्याच वयाचा.
म्हणाला, वर्धापनाचा अल्बम, दोन तबकड्या,
एकीवर कधीच बाहेर न आलेलं, दुसरीवर लाइव्ह.
"आणि ती बंदरातली मैफल हवीच. सगळं गाव होतं ना तिथे?"

होतं. आता आहे.
केमीत कुणालाही विचारा: टॅक्सीवाला होता,
दातांची डॉक्टरीण होती,
पाद्रीबाई तेव्हा आईच्या पोटात होत्या, तरी होत्या.

रीळ चाळीस. मी हेडफोन चढवला.
उणे एकोणीस. बर्फफोड्या जहाजाची घरघर डाव्या कानात,
उजव्यात ओर्वोचा आवाज.
तार तुटते, तो शिवी हासडतो, गाणं कसंबसं संपतं.
टाळ्या.
हातमोज्यांतल्या टाळ्या, कुणी उशा झटकाव्यात तशा.
मोजता येतात. मोजल्या. तीनदा.
अकरा जण.
त्यातला एक बहुधा मी.

मुलगा म्हणाला, गर्दी घालू. आमच्याकडे तयार असते.
मी ओर्वोला फोन लावला. तो हल्ली रोवानिएमीत चष्मे विकतो.
बराच वेळ नुसता श्वास. मग:
"अकरा? मला नऊ वाटले होते."

बाहेर न आलेल्यांत एक आहे, निनावी, अर्धंमुर्धं.
वेइयो काठ्या आपटत मोजतो, युक्सी, काक्सी,
आणि तीनच्या आधी थांबतो.
"दार लावा रे कुणी, थंडी येतेय."
पावलं. दार. पुन्हा पहिल्यापासून.

वेइयोला जाऊन सहा वर्षं झाली.
लेम्पी ऐकायला आली तेव्हा
मी टेबलावर रुमाल घडी करून ठेवला होता.
तिनं सगळं ऐकलं, कोट न काढता.
"फार जलद वाजवलंय.
भूक लागली की तो असाच सुटायचा.
हे घेऊ नका."
मग उंबऱ्याशी, वाकून बूट चढवताना:
"दार लावा म्हणतो ना, तेवढं घ्या.
घरी कधी लावलं नाही त्यानं."

फेब्रुवारीत निघाला अल्बम. पहिल्या तबकडीवर,
चौथ्या आणि पाचव्या गाण्याच्या मधे
सात सेकंद थंडी आहे.
ती पावलं माझी. वेष्टनावर तसं कुठे लिहिलेलं नाही.
बंदरातल्या टाळ्या अकराच ठेवल्या;
टॅक्सीवाला म्हणतो, रेकॉर्डिंग सदोष आहे.

यंत्र मी तीनदा घासून परत दिलं.
सासू म्हणते, यंदाच्या अळंब्यांना लोखंडाची चव आहे.
सूप मात्र दोनदा वाढून घेतलं तिनं.